भिंगरीची बैठक

"बस," सुमेधाबाई म्हणाल्या.

भिंगरी उभीच राहिली. तिने आधी उजवीकडे पाहिलं; तिथे एक प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर लोळत चालली होती. मग डावीकडे पाहिलं; तिथे एक गुबगुबीत लॅब्राडोर मालकाच्या पायाशी शहाण्यासारखा बसला होता. मग मान वर करून तिने एका घारीचा सविस्तर अभ्यास केला. सुमेधाबाईंकडे मात्र पाहिलं नाही.

"भिंगरी. बस."

या आवाजाने डोंबिवलीतल्या एका शाळेतले दहावीचे वर्ग तीसेक वर्षं चिडीचूप झाले होते. डॉक्टर झालेली, इन्स्पेक्टर झालेली त्यांची मुलं अजूनही फडके रोडवर बाई दिसल्या की हातातली सिगारेट पाठीमागे नेत. आणि हे दहा महिन्यांचं काळं कार्टं, ज्याला ना वंश ना वळण, ते पट्ट्याला हिसका देऊन पिशवीच्या मागे निघालं. सुमेधाबाई चार पावलं फरपटल्या, चप्पल सुटली, आणि मैदानावरच्या सगळ्या सुसंस्कृत कुत्र्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"काकू, आवाज नका चढवू," पलीकडून संदेश म्हणाला. "ती घाबरत नाहीये, तुम्हीच दमताय."

संदेश दर रविवारी सकाळी शहाडहून बाइकवर यायचा आणि एमआयडीसीतल्या या मैदानावर कुत्र्यांना शिस्त लावायचा. तिशीचा, काटकुळा पोरगा. कमरेला खाऊची थैली, आणि बोलणं असं, जणू जगात घाई करण्यासारखं काहीच नाही. कुत्र्याने ऐकलं की थैलीतला तुकडा द्यायचा, नाही ऐकलं की नाही द्यायचा, एवढंच त्याचं शास्त्र होतं. बाकीच्या कुत्र्यांना ते दोन रविवारांत कळलं. भिंगरीच्या बाबतीत सहावा रविवार उजाडला, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

तो जवळ आला आणि थैलीतून उकडलेल्या चिकनचा तुकडा काढून त्याने भिंगरीच्या नाकापुढे धरला. भिंगरीने तो मोठ्या सौजन्याने तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि तितक्याच सौजन्याने जमिनीवर ठेवला. लॅब्राडोर तो तुकडा डोळ्यांत प्राण आणून बघत राहिला.

"काकू, खरं सांगा. खायला घालून आणता ना हिला?"

"तू सांगितलंयस ना रिकाम्या पोटी आणायला? काल सकाळनंतर तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही."

"मग ही चिकनला नाय म्हणतेय ती कशी?"

त्याच वेळी भिंगरीने ढेकर दिली. चांगली भरघोस, जेवणावळीतून उठलेल्या माणसाची असते तशी. संदेशने सुमेधाबाईंकडे पाहिलं, आणि ती नजर त्यांनी ओळखली. 'बाई, वही घरी राहिली' असं सांगणाऱ्या शेकडो पोरांकडे त्यांनी स्वतः तसंच पाहिलं होतं. आपल्यावर अशी नजर रोखलेली त्यांनी मात्र पहिल्यांदाच अनुभवली, आणि परतीच्या रिक्षात त्यांचे कान गरम होते.

वाईट याचं वाटत होतं की त्या खरं बोलत होत्या. शनिवारी संध्याकाळी भिंगरीला उपाशी ठेवताना त्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं. उपाशी पोटी शाळेत आलेली मुलं त्यांनी पाहिली होती, प्रार्थनेच्या वेळी घेरी येऊन पडलेली. आपल्या हाताने कुणाला तरी भुकेलं झोपवायचं आणि सकाळी शिकायला न्यायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. भिंगरी मात्र शनिवारी रात्री काही न मागता गुडूप झोपायची. किती सोसते बिचारी, असं म्हणून बाई तिच्या अंगावर जुनी शाल टाकत.

हे सगळं ज्यासाठी चाललं होतं, ते प्रकरण कोजागिरीचं. स्नेहदीप सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमले होते. मसाला दुधाचं मोठं पातेलं नुकतंच शेगडीवरून उतरवून निवायला ठेवलं होतं. चंद्र दुधात पडलेला बघायला माणसं वाकली, तशी भिंगरीही वाकली. फक्त ती लांबून धावत येऊन वाकली. दूध गच्चीभर झालं. कुणाला भाजलं नाही हे नशीब, पण सेक्रेटरी हरिहररावांचा पांढराशुभ्र झब्बा केशरी झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई घसरून खुर्चीसकट बसल्या.

पुढच्या रविवारी सभा झाली. हरिहरराव बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटीचा कारभारही ते बँकेसारखाच चालवत.

"सुमेधाताई, व्यक्तिशः माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. त्या जनावराची दुसरीकडे सोय बघा."

"काका, असं कुणाला कुत्रा काढायला नाही सांगता येत," दुसऱ्या मजल्यावरची वल्लरी म्हणाली. ती आयटीत होती आणि तिला नियम तोंडपाठ असत. "कायदा आहे तसा."

तेव्हा सुमेधाबाई उठल्या. कायद्याच्या आडोशाने राहणं त्यांना मानवणारं नव्हतं.

"कायद्याचं राहू दे, वल्लरी. शांताबाई पडल्या ही चूक आमची आहे. मला प्रजासत्ताक दिनापर्यंत वेळ द्या. झेंडावंदनानंतर सगळ्यांदेखत तिला शांत बसवून दाखवते. नाही जमलं, तर तुम्ही सांगायची गरज नाही. मीच तिला खडवलीला पाठवते."

खडवलीला त्यांच्या शाळेतले पी.टी.चे तानाजी सर राहत. त्यांचं शेत होतं, कुत्र्याला पळायला जागा होती, आणि माणूस भला होता. भिंगरीचं तिथे काही वाईट होणार नव्हतं. वाईट होणार होतं ते सुमेधाबाईंचं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, मुलगा अद्वय परदेशात, आणि तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या इतक्या नीटनेटक्या झाल्या की त्यांत वावरताना बाईंना पाहुण्यासारखं वाटे. घरात रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. मग गेल्या उन्हाळ्यात पंपाच्या खोलीत हे काळं पिल्लू सापडलं. त्याने पायपुसणी फाडली, उशा उसवल्या, दिवसभर स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि भिंगरी हे नाव कमावलं. तो पसारा आवरता आवरता सुमेधाबाई पुन्हा माणसांत आल्या. ती गेली तर घर परत आवरलेलं राहील, याची त्यांना भीती वाटत होती.

जानेवारी उजाडला. भिंगरी बसत नव्हती ती नव्हतीच.

शनिवारी संध्याकाळी सुमेधाबाई शाळेत जाऊन दहावीच्या मुलांना फुकट गणित शिकवत. तेवढा वेळ भिंगरी मागच्या ग्रिलच्या गॅलरीत असे. त्या शनिवारी शाळा कसल्याशा परीक्षेसाठी दिली होती आणि ते त्यांना फाटकाशी गेल्यावर कळलं. त्या तशाच परतल्या. घराच्या मागच्या बोळात वळणार, तोच त्यांना ग्रिलसमोर पाठमोरे हरिहरराव दिसले.

सुमेधाबाई एका झाकलेल्या स्कूटरच्या आड थांबल्या. या माणसाचा काही भरवसा नाही, भिंगरीला छडीबिडी दाखवायला आला असेल, असं त्यांच्या मनात आलं. पण हरिहररावांनी चपला काढल्या होत्या. त्यांचे हात जोडलेले होते. डोळे अर्धवट मिटून ते कसलंसं स्तोत्र पुटपुटत होते, आणि ग्रिलच्या आत त्यांच्यासमोर भिंगरी बसली होती.

बसली होती म्हणजे कशी, तर पुढचे पाय जुळवून, पाठ ताठ, मान सरळ. शेपूटसुद्धा हलत नव्हतं. त्याच वेळी कंपाऊंडच्या भिंतीवरून सोसायटीतलं मांजर सावकाश चालत गेलं. एरवी त्या मांजराच्या नुसत्या वासाने भिंगरी ग्रिल डोक्यावर घ्यायची. आता तिने बुबुळही हलवलं नाही.

स्तोत्र संपलं. हरिहररावांनी हात सोडले, पिशवीतून तेल लावलेली पोळी काढली आणि ग्रिलमधून आत दिली. भिंगरी पुढे झाली आणि तिने ती पोळी अलगद घेतली. हरिहररावांनी इकडे तिकडे पाहिलं, चपला पायांत सरकवल्या आणि ते निघून गेले.

पाठोपाठ शांताबाई आल्या, एका हाताने गुडघा धरत. त्यांनीही हात जोडले, त्याही पुटपुटल्या, भिंगरी पुन्हा तशीच बसली, आणि आणखी एक पोळी आत गेली. मग वल्लरी आली. सभेत कायदा सांगणारी वल्लरी. तिला स्तोत्र पाठ नव्हतं. ती मोबाइल तळहातांमध्ये धरून त्यावरून वाचत होती. भिंगरीने तिलाही तितकाच मान दिला.

सुमेधाबाईंच्या डोक्यात आता एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. साडेसाती असली की शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. गल्लीत कुत्री पुष्कळ, पण सगळी तपकिरी नाहीतर पांढरी. काळं कुत्रं एकच. आणि त्या कुत्र्याच्या मालकिणीने मागे एकदा सोसायटीच्या पूजेत, 'शनी तिकडे स्वतःची कक्षा सांभाळतोय, त्याला तुमच्या नोकरीत कुठे गोवता?' असं सगळ्यांसमोर सुनावलेलं. तेव्हा त्यांच्या तोंडावर हे बोलायची कुणाची छाती होती? ज्याने त्याने बाईंच्या गणिताच्या वर्गाची वेळ लक्षात ठेवली होती, आणि जो तो समजत होता की ही युक्ती आपल्यालाच सुचली.

आधी त्यांना राग आला. पुढे होऊन सगळ्यांना एका रांगेत उभं करावं, असं वाटलं. विशेषतः हरिहररावांना. हा गृहस्थ दिवसा ज्या जनावराला हाकलायला निघतो, संध्याकाळी त्याच्याच पुढे हात जोडतो. पण तो राग टिकला नाही, कारण त्याच्या मागून दुसरी भावना आली आणि ती जास्त बोचरी होती. त्यांना हेवा वाटला. आपण सहा-सात रविवार घसा कोरडा करतोय, पनीर काय, चिकन काय, आणि ही त्या हरिहररावांसाठी मूर्तीसारखी बसते.

बोळ रिकामा झाल्यावर त्या घरात गेल्या. भिंगरी नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगावर उडाली, साडीचा पदर ओढला, दोन गिरक्या घेतल्या. बाईंनी खिडकीचा पडदा ओढला. खोलीत त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरी त्यांना संकोच वाटत होता. त्यांनी हात जोडले.

भिंगरी बसली.

बसली, पण दोन क्षणांनी मान तिरकी करून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. तोंड हलत नव्हतं. काहीतरी कमी होतं. ती उठायला लागली. आता म्हणायचं काय? सुमेधाबाईंना स्तोत्रं येत नव्हती असं नाही, लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेली, पण ती ऐनवेळी जिभेवर येईनात. आलं ते वेगळंच.

"एकोणतीस एके एकोणतीस," त्या पुटपुटल्या. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

भिंगरी खाली टेकली. पाठ ताठ झाली. स्तोत्र आणि पाढा यांत तिच्या लेखी काही फरक नव्हता. सुमेधाबाईंनी अख्खा पाढा म्हटला, आणि भिंगरी त्यांच्याकडे, फक्त त्यांच्याकडे, बघत राहिली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढा वेळ त्यांच्याकडे बघत होती. दहा पुरे झाल्यावर बाईंनी हात सोडले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी आणली. भिंगरीने तीही खाल्ली. चौथी.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि हात जोडले, तेव्हा लॅब्राडोरचा मालक फिसकन हसला. मग भिंगरी बसली आणि तो हसायचा थांबला. संदेश कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काकू, हे काय आहे?"

"चालेल ना असं?"

"चालेल म्हणजे काय, धावेल. सिग्नल काहीपण असतो. कोण चुटकी वाजवतो, कोण शिट्टी मारतो. तुमचा नमस्कार." तो भिंगरीभोवती एक फेरी मारून आला. त्याने जोरात टाळी वाजवून पाहिली, बॉल टाकून पाहिला. भिंगरी ढिम्म. "पण हे शिकवलंत कधी तुम्ही?"

"मी नाही शिकवलं."

"मग कोणी?"

"आमच्या सोसायटीने," सुमेधाबाई म्हणाल्या आणि त्याहून जास्त काही सांगितलं नाही.

"एक लक्षात ठेवा मात्र," संदेश म्हणाला. "तुमचं पुटपुटणं बंद झालं की तिला वाटतं, झालं, आता खाऊ. मध्ये थांबलात की ती उठली म्हणून समजा. खंड नको पडायला."

सोसायटीत त्या कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी वेळेवर पर्स उचलली आणि वर्गाला गेल्या. इतके शिक्षक फुकट मिळत असताना तास बुडवायला त्या काही वेड्या नव्हत्या. फक्त भिंगरीचं सकाळचं जेवण त्यांनी निम्मं केलं.

प्रजासत्ताक दिनाला सकाळी सगळी सोसायटी आवारात जमली. ध्वज फडकला, राष्ट्रगीत झालं, शांताबाईंसाठी खुर्ची आली. टेबलावर जिलबीची परात येऊन बसली आणि मुलं तिच्याभोवती घोटाळू लागली. हरिहररावांनी घसा खाकरला.

"आता तो दुसरा विषय. सुमेधाताई, अट साधी आहे. पट्टा न लावता, आवाराच्या मधोमध. जिलबी सगळ्यांना वाटून होईपर्यंत ती जागची हलता कामा नये."

"मान्य," सुमेधाबाई म्हणाल्या.

त्यांनी भिंगरीला मधोमध नेलं आणि पट्टा सोडला. भिंगरीने लगेच चौफेर पाहणी सुरू केली. परात, मुलं, झेंड्याच्या दोरीवर बसलेला कावळा. कुणीतरी हसलं. सुमेधाबाई दोन पावलं मागे सरल्या, चपला काढल्या आणि त्यांनी हात जोडले.

भिंगरी बसली.

आवारात जी शांतता पसरली ती दोन प्रकारची होती. ज्यांना काही माहीत नव्हतं ते चकित होऊन गप्प झाले. ज्यांना माहीत होतं त्यांची वाचाच बसली. शांताबाईंनी पदर नीट केला. परात उचलायला गेलेली वल्लरी तशीच थबकली. हरिहरराव आधी लाल झाले, मग त्यांनी झेंड्याकडे नजर लावली. बाईंना सगळं कळलंय, हे तिघांनाही एकाच वेळी कळलं. बाई मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"वाढ, वल्लरी," हरिहरराव कसेबसे म्हणाले.

वल्लरी परात घेऊन फिरू लागली. एकोणतिसाचा पाढा संपला, एकोणिसाचा संपला. बाई अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांत, पावकीत शिरल्या, निमकी झाली, पाऊणकी, सवायकी. कागदाच्या बश्या खडखडत होत्या. एक जिलबी भिंगरीपासून हातभर अंतरावर पडली, तिच्यावर मुंग्यांआधी कावळा आला, आणि भिंगरीच्या कानाचं टोक तेवढं थरथरलं. दिडकी झाली, अडीचकी झाली. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, सुरू करताना सुमेधाबाईंची नजर सहज फाटकाकडे गेली.

फाटकाशी तानाजी सरांची जीप उभी होती. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. दिलेला शब्द पाळायचा तर तो त्याच दिवशी पाळायचा, उद्यावर टाकला की माणूस पळवाटा शोधतो, म्हणून. सर दार उघडून उभे होते आणि मागच्या सीटवर त्यांनी एक जुनी गोधडी नीट दुमडून अंथरली होती. भिंगरीला बसायला.

ती गोधडी बाईंच्या काळजात गेली. औट पंचे किती, ते त्यांना आठवेना. आयुष्यभर ज्या औटकीने त्यांनी पोरांना रडवलं, ती त्यांना आठवेना. ओठ थांबले.

भिंगरीने मान तिरकी केली. मागचा भाग जमिनीवरून किंचित उचलला गेला. परातीत अजून निम्मी जिलबी होती.

तेव्हा बाईंच्या उजव्या हाताला कुणीतरी पुटपुटू लागलं. आवाज घोगरा होता, आणि सुरुवातीला इतका बारीक की घसाच साफ करतंय असं वाटावं. सुमेधाबाईंनी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. हरिहररावांनी चपला काढल्या होत्या. सगळ्या सोसायटीसमोर, स्वतःच्या बायकोसमोर, नव्या झब्ब्यात, हात जोडून ते स्तोत्र म्हणत होते.

भिंगरी परत खाली टेकली.

खुर्चीतून शांताबाईंचा आवाज मिसळला. वल्लरीच्या दोन्ही हातांत परात होती, हात जोडायची सोय नव्हती. ती नुसतेच ओठ हलवत जिलबी वाढत राहिली, आणि तिला आता मोबाइल लागत नव्हता. मग मागून आणखी एक आवाज आला, पहिल्या मजल्यावरून एक, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या घोळक्यातून दोन. ज्यांच्यावर सुमेधाबाईंचा संशयही नव्हता असे लोक. माणसं एकमेकांकडे बघत होती, ओळखत होती, आणि ओळखून पुन्हा पुढे म्हणत होती. हे सगळे आवाज एका चालीत नव्हते, एका शब्दावर नव्हते. त्यांच्या मधोमध ते काळं कार्टं पाय जुळवून बसलं होतं आणि त्याची नजर सुमेधाबाईंच्या हातांवर होती.

बाईंना औट पंचे साडेसतरा आठवलं. त्या पुढे निघाल्या.

परात रिकामी झाली. शेवटची जिलबी वल्लरीने फाटकाशी जाऊन तानाजी सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती खाता खाता आवारातला प्रकार पाहिला, गोधडीची घडी आणखी लहान केली आणि जीपचं दार लावून घेतलं. पुटपुटणं एकेक करून विरत गेलं. सर्वांत शेवटी हरिहरराव थांबले. अनवाणीच ते सुमेधाबाईंजवळ आले.

"बाई," ते म्हणाले. आजवर ते ताई म्हणत. "हात सोडा आता. वाटून झालं."

"आणि निकाल?"

"निकाल कसला विचारता?" हरिहररावांनी आवाज आणखी खाली आणला. "साडेसातीची शेवटची अडीचकी चालू आहे माझी. अजून दीड वर्ष."

"एकच पोळी चालेल," सुमेधाबाई पाढ्याच्याच सुरात पुटपुटल्या. "आणि तेल कमी. बाकीच्यांनाही सांगा. रविवारी तिचा क्लास असतो."

"सांगतो."

ते गेले. मुलं लांबून भिंगरीला हाका मारत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं, वल्लरी फोटो काढत होती. खेळ केव्हाच संपला होता. भिंगरी अजून बसलेलीच होती, आणि सुमेधाबाईंनी हात अजून सोडले नव्हते. औटकी संपली होती, पण त्यांनी पुन्हा एकोणतिसापासून सुरुवात केली. आणखी थोडा वेळ बघू दे सगळ्यांना, असं त्यांना वाटलं.